वंशाचा चौकोन

बंदुकांच्या दुकानातल्या काउंटरला साखळीने बांधलेलं पेन अतुल परांजपेने ओढून घेतलं आणि फॉर्मकडे धड न बघताच लिहायला सुरुवात केली. तोंड चालूच होतं. भिंतीवर टांगलेल्या मूस नावाच्या भल्याथोरल्या हरणाच्या मुंडक्यावरून काउंटरमागच्या म्हाताऱ्याशी त्याच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि हात आपला नाव, पत्ता, उंची, वजन भरत पुढे सरकत होता. शेजारी तसाच फॉर्म घेऊन उभा असलेला मनोहर रामटेके त्या हाताकडे बघत राहिला. त्याचा जळफळाट व्हायला तेवढंही पुरेसं होतं.

हा जळफळाट आजचा नव्हता. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या त्या कंपनीत मनोहरला सहा वर्षं झाली होती, अतुलला जेमतेम दोन. दर नोव्हेंबरमध्ये त्यांचा मॅनेजर डेल टीममधल्या चारपाच जणांना उत्तरेकडच्या जंगलातल्या आपल्या केबिनवर हरणाच्या शिकारीला न्यायचा. तिथे कोण जातं यावरून मीटिंगमध्ये कोणाचं ऐकलं जाणार ते ठरतं, असं कोणी बोलून दाखवत नसे, पण माहीत सगळ्यांनाच होतं. मनोहरला कधी बोलावणं आलं नाही. अतुलला आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात आलं. तो डेलची जुनी रायफल घेऊन गेला, हरणाऐवजी झाडाला गोळी मारून आला आणि तो किस्सा सांगून वर्षभर सगळ्यांना हसवत राहिला. यंदा मनोहरलाही बोलावणं आलं खरं, पण कसं, तर अतुलने शब्द टाकला म्हणून. बोलावलं नसतं तर परवडलं असतं, इतकं ते त्याच्या जिवाला लागलं. तरी तो जाणार होताच.

घरी त्याच्या बायकोने, संध्याने, विचारलं होतं, “आणि ती बंदूक कुठं ठेवणार? बाबासाहेब आणि बुद्धाच्या फोटोखाली?”

“गॅरेजमध्ये ठेवीन.”

“हरीण मारणार तुम्ही?”

“नेम लागायला तर हवा,” तो म्हणाला होता.

हरीण त्याला नकोच होतं. ऑफिसच्या कॅफेटेरियात अतुल बोलायला लागला की टेबलावरचे सगळे हातातले काटे-चमचे खाली ठेवत. तसं एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी व्हावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हाताऱ्याने दोघांची ग्रीन कार्डं आणि पत्त्यासाठी आणलेली विजेची बिलं एका बाजूला ठेवली. फॉर्म भरून झाले की तो फोन लावून नावं कळवणार, पलीकडून होकार आला की रायफली मिळणार, असा मामला होता. मनोहर फॉर्मवर वाकला. जन्मस्थळ, जन्मतारीख. मग वंश. पुढे चौकोन होते: व्हाइट, ब्लॅक, अमेरिकन इंडियन, हिस्पॅनिक, एशियन. त्याने एशियनच्या चौकोनात खूण केली आणि तो पुढच्या प्रश्नावर गेला.

शेजारचा हात थांबला होता.

“मनोहर, यार,” अतुल मराठीत हळूच म्हणाला, “इथे काय टिक करायचं असतं?”

मनोहरने मान वर केली. अतुलची नजर चौकोनांवरून खालीवर फिरत होती. भर मीटिंगमध्ये न अडखळणारा हा माणूस एवढ्याशा चौकोनापाशी अडला, हे पाहून मनोहरला गुदगुल्या झाल्या.

“इंडियन आहे की इथे,” अतुल म्हणाला. “पण तो अमेरिकन इंडियन, म्हणजे रेड इंडियन. आणि एशियन म्हणजे हे चायनीज, जपानी वगैरे, हो ना? आमचे आजोबा तर सांगायचे, आपण मूळचे आर्य. म्हणजे टेक्निकली कॉकेशियनच, गोरेच झालो की.”

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मनोहरच्या ओठांवर आलाही होता.

“तुला जे वाटेल ते कर,” तो म्हणाला.

अतुलने व्हाइटच्या चौकोनात ठसठशीत खूण केली, खाली झोकदार सही ठोकली आणि फॉर्म पुढे सरकवला. म्हाताऱ्याने चष्मा नाकावर घेतला. फॉर्म वाचता वाचता त्याचं बोट एका जागी थांबलं. त्याने अतुलच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. खालच्या खणातून त्याने एक कोरा फॉर्म काढला आणि अतुलपुढे ठेवला.

“हा पुन्हा एकदा भरा,” तो सौम्यपणे म्हणाला. “घाई नाही.”

मागे रांगेत उभे असलेले दोघे जण पुढे डोकावून बघायला लागले. अतुलचे कान लालबुंद झाले.

मनोहरला वाटलं होतं, आता मजा येईल. मजा आली नाही. ते कान त्याच्या ओळखीचे होते. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या क्लार्कने त्याचा अर्ज उंच धरून, जातीच्या चौकोनातल्या खुणेवर बोट ठेवत, “अच्छा, कोट्यातले का!” असं रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं होतं. रांगेतल्या पोरांच्या माना वळल्या होत्या. कान कसे तापतात ते मनोहरला तेव्हापासून माहीत होतं. ही गोष्ट त्याने संध्यालाही लग्नानंतर खूप उशिरा सांगितली होती.

“एशियन कर,” तो म्हणाला.

अतुलने मनोहरच्या फॉर्मवर नजर टाकली. “तू लगेच केलंस? तुला कसं कळलं?”

“सवय आहे.”

“कसली सवय? तू काय दरवर्षी रायफली घेतोस?” अतुल हसला, पण ओढूनताणून. परतताना गाडीत तो चक्क गप्प बसला होता. निदान हा किस्सा तरी तो कोणाला सांगणार नाही, असं मनोहरला वाटलं.

सोमवारी लंचला अतुलने तोच किस्सा सगळ्यांना सांगितला.

आणि काय सांगितला! म्हाताऱ्याचा चष्मा, थांबलेलं बोट, कोरा फॉर्म, सगळं नकलेसकट. “दोन मिनिटं मी गोरा होतो,” तो म्हणाला, “मग त्यांनी मला परत पाठवलं!” काटे-चमचे खाली गेले होते. डेल हसून हसून डोळे पुसत होता. मनोहर समोरच्या डब्यातला भात चिवडत राहिला. हेवा त्याला पुन्हा आतून जाळायला लागला, आणि या वेळी तो मीटिंगमधल्या मानाचा नव्हता की बोलावण्याचा नव्हता. अतुलची फजिती झाली शनिवारी आणि सोमवारी तिचा विनोदही होऊन गेला. मनोहरची फजिती एवढी वर्षं आत तशीच्या तशी होती. तिचा विनोद करायला त्याला जमलं नव्हतं.

“आणि मॅनी, तू तिथे असून याला तसं करू दिलंस?” डेलने विचारलं. ऑफिसात मनोहरचा मॅनी झाला होता.

“छे, छे,” अतुल मध्येच म्हणाला, “यानेच तर वाचवलं मला. याने बघताक्षणी बरोबर खूण केली होती.”

एवढा दिलदारपणाही त्याच्याचकडे असावा, याचाही मनोहरला राग आला.

“खरंच?” डेल म्हणाला. “तुला कसं कळलं, मॅनी?”

टेबलावरचे सगळे त्याच्याकडे वळले. कोणाच्याही हातात काटा नव्हता, चमचा नव्हता. सहा वर्षं त्याने याची वाट पाहिली होती, आणि सांगायला गोष्टही होती: ती खिडकी, ती रांग, वळलेल्या माना. सुरुवातीचं वाक्य मनात तयार झालं. मग त्याने त्या हसायला तयार असलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

“मी वर छापलेल्या सूचना वाचल्या,” तो म्हणाला. “इंजिनिअर आहे ना मी.”

एकच हशा उसळला. डेलने टेबलावर थाप मारली. “बघा, या माणसाला केबिनवर आधीच न्यायला हवं होतं!” पलीकडच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले.

एकटा अतुल हसला नाही. तो मनोहरकडे बघत होता. “सवय,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा मराठीत पुटपुटला, आणि त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

मनोहरने डब्याचं झाकण लावलं.