डॉक मला मानवले होते

डॉक एमेतेरिओंनी दवाखान्याची पाटी उतरवली, तेव्हा बाजारात सगळ्यांत आधी तोंड सुटलं ते माझं. सुकी मासळी विकणारीचं तोंड ते! तशी त्यांनी कसर काही ठेवली नव्हती. प्रत्येकाला महिन्याच्या गोळ्या दिल्या, नव्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दाखवला, सगळ्यांचे कागद तिकडे पोचवले. पण डॉक्टर म्हणजे काय मासळीची टोपली, की हिच्या डोक्यावरून तिच्या डोक्यावर दिली? आमच्या गिमारास बेटावर म्हणतात, औषध असो की डॉक्टर, माणसाला हियांग व्हावा लागतो, अंगाला मानवावा लागतो. मला डॉक मानवले होते.

खरं सांगते, नवरा गेल्यापासून माझा हात दुसऱ्या कुणी धरलाच नव्हता. शेवटच्या तपासणीला तर त्यांनी दंडाला पट्टा बांधून, कानांत नळ्या घालून किती वेळ धरून ठेवला! पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. शेवटी एवढंच म्हणाले, “उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मोजून घे.” मी कानाआड केलं. त्यांचाही जीव माझ्यात गुंतलाय, या समजुतीवर महिना काढला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांच्या दवाखान्याच्या बंद दाराकडे बघत बसायची.

गोळ्या संपल्या आणि डॉक ठेल्यापुढे हजर.

“पुरिंग, गेली नाहीस ना अजून?”

“नाही गेले नि जाणारही नाही. कालची पोर ती. तिच्या हाताला कसला गुण?”

“काय?”

“गुण नाही म्हटलं!”

“बरं बरं. मासळी झाक आणि चल.”

डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. “आजी, एकशेनव्वद! चक्कर नाही येत?”

“आजी कुणाला म्हणतेस? आणि डॉकच्या हाती एवढं कधी भरलं नाही. शेवटच्या वेळी तर किती निगुतीनं मोजलं होतं त्यांनी!”

डॉक नुसते बघत राहिले. बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून माझं बोलणं मोठ्यानं सांगितलं.

“मोजलंच नव्हतं, पुरिंग,” ते म्हणाले. “तुझे ठोके मला ऐकूच येईनात. पुन्हा पुन्हा फुगवून पाहिलं. अंदाजानं आकडा ठोकायचा आणि तुझं काही बरंवाईट झालं तर? त्याच दिवशी ठरवलं, बास.”

महिनाभर उराशी धरलेलं सगळं तिथंच गळून पडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी त्या माणसाची इतकी माया दाटून आली की सांगता सोय नाही. बाईंनी दिलेली गोळी मुकाट्यानं गिळली.

बाहेर रस्त्याकडेला रिक्षाची वाट बघत उभे होतो. डॉकनी न विचारता माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

“बोटांना अजून कळतं,” ते म्हणाले.

समोरून रिकामी रिक्षा आली. मी हात केला नाही.