आखूड हात

"आता काही कळतंय?" नर्सबाईंनी मांडीला चिमटा काढत विचारलं.

"कुणाची मांडी?" काचवाला म्हणाला.

नर्सबाईंनी समाधानाने मान हलवली. पाठीतलं इंजेक्शन लागू पडलं होतं. कमरेखालचा माणूस आता डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात होता. वरचा अर्धा डोक्यावर कागदी टोपी घालून, छातीजवळ टांगलेल्या हिरव्या कापडाकडे बघत पडला होता.

उजवा घोटा गेली कित्येक वर्षं मनाला येईल तेव्हा मुरगळायचा. खड्ड्यात पाय मुरगळला तर माणूस खड्ड्याला शिव्या घालून मोकळा होतो. याचा सपाट फरशीवर मुरगळायचा. एकदा तर लिफ्टमध्ये, उभ्या उभ्या, आणि लिफ्टही बंद पडलेली. दुसऱ्या कुणाचं याने काही अडलं नसतं. पण हा दुकानांच्या दर्शनी काचा उचलून नेऊन बसवायचा. पुढे तो, मागे बायकोचा धाकटा भाऊ, मधे काच.

रबरी पकडी काचेला चिकटवून दोघं ती उचलायचे. काचवाला आपली पकड अगदी कडेला लावायचा. मेहुणा मात्र बराच आत, जवळजवळ मध्यावर लावायचा आणि काचेला अंग भिडवून चालायचा.

"माझे हात आखूड आहेत, दाजी," हे कारण त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काचवाल्याला ते पटलं. मापं काचेची घ्यायची असतात. मेहुण्याचे हात मोजायचं कुणाच्या डोक्यात येतं? उलट येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवायचा, "काच हलकीच असते हो. उचलायची अक्कल लागते."

मग चष्म्याच्या दुकानाच्या दारात पाय गेला, काच गेली, आणि मेहुण्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत टाके पडले. चष्मेवाल्याने नुकसानीचं नंतर बघू म्हणत आधी काचवाल्याचे डोळे तपासले. डोळे उत्तम निघाले.

घरी बायकोने निकाल दिला.

"एक तर पाय नीट करून घ्या, नाही तर काचेला हात लावायचा नाही. मला भाऊ एकच आहे."

"आणि नवरा?"

"तोही एकच आहे. पण त्याची वॉरंटी संपलीय."

म्हणून आज हे टेबल. काचेला हात लावायचा नाही तर हात ठेवायचे कुठे, हे त्याला कितीही विचार केला तरी सुचलं नव्हतं.

"आत बघायचंय?" डॉक्टरीणबाईंनी कापडापलीकडून विचारलं आणि घोट्यात घातलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्याचं तोंड त्याच्याकडे वळवायला लावलं.

मटणाच्या दुकानासारखं काहीतरी दिसेल अशी त्याने मनाची तयारी केली होती. दिसलं ते पाणी. पाण्यात उजेड. आणि त्या उजेडात एक पांढरीशुभ्र, हलक्या बाकाची, ओली चकाकणारी सपाटी. तिच्यावर तशीच दुसरी टेकलेली. मधली फट दोरा जाईल न जाईल एवढी. काचवाल्याला रस्त्याच्या पलीकडून काचेवरचा ओरखडा दिसायचा. त्याने ओरखडा शोधला. सापडला नाही.

"हे कुणी बसवलं?" त्याने हळूच विचारलं.

पडद्यावरची हालचाल क्षणभर थांबली.

"तुम्ही जन्मायच्या आधीच बसलंय."

"कडा घासलेल्यासुद्धा दिसत नाहीत."

"नाहीतच."

एवढ्या नाजूक कामावर आपण इतकी वर्षं धपाधप चालत होतो, उड्या मारत होतो, एकदा तर रागाने दाराला लाथ घातली होती. त्याला डोक्यावरची टोपी काढावीशी वाटली. पण एका हाताला सलाईन होतं आणि दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा. तो टोपीसकट बघत राहिला.

"आत सगळं छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरच्या बाजूने धरून ठेवणारी लिगामेंट्स तेवढी सैल झालीत. जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक होतं ना, तशी. ती ओढून घेते आणि हाडात भोक पाडून शिवते."

थोड्या वेळाने ड्रिलचा ओळखीचा आवाज आला.

"कितीचं बिट?"

"तीनचं."

"भिंतीत प्लग ठोकतो तसंच की."

"तसंच. फक्त भिंत गप्पा मारत नाही."

"धरेल ना, बाई?"

"धरेल. तुम्ही घाई केली नाहीत तर."

त्याने घाई केली नाही. आधी प्लास्टर, मग गुडघ्यापर्यंतचा बूट, मग एका पायावर उभं राहून दात घासायचा व्यायाम. बायको शेजारी दोन्ही हात पसरून उभी असायची, फळीवरून बरणी पडणार असल्यासारखी. मेहुणा मधूनमधून यायचा आणि खुर्ची ओढून समोर बसायचा.

"चहा घे," काचवाला तोंडात फेस धरून म्हणायचा.

"थांबा हो, बघतोय," मेहुणा म्हणायचा. त्याची नजर घोट्यावरून हलायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर पहिली काच निघाली ती एका केशकर्तनालयाची. माणसाहून उंच. काचवाल्याने पकड कडेला लावली, डोक्यावरची टोपी घट्ट केली आणि म्हणाला, "उचल."

काच उठली. खांद्यापासून बोटांपर्यंत असा हिसका बसला की त्याने श्वास धरला. महिनोन्‌महिने बसून ताकद गेली, त्याच्या मनात आलं. घोटा थरथरला. पण जागचा हलला नाही. एक पाऊल. आणखी एक. पायरीशी येईपर्यंत घामाची धार डोळ्यात उतरली.

"थांब. टेकव."

काच रबराच्या तुकड्यांवर टेकली.

"पाय?" मागून तात्काळ प्रश्न आला.

"पाय ठीक आहे."

"मग?"

काचवाल्याने मागे वळून पाहिलं. मेहुण्याची पकड काचेच्या पार दुसऱ्या टोकाला होती. बाही वर सरकली होती. टाक्यांची खूण मिरवणारा त्याचा हात पकडीपर्यंत सरळ पसरलेला होता. चांगला लांब, कुणाचाही असतो तेवढा.

मध्याजवळ धरणाऱ्याच्या वाट्याला जास्त वजन येतं, हा हिशेब काचवाल्याने त्या हाताकडे बघत आज पहिल्यांदा केला. मग एका हाताने काच सावरून त्याने दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी काढली.

"उकडतंय का, दाजी?"

"नाही." त्याने टोपी पुन्हा घातली. "काच जड असते रे."

"असतेच," मेहुणा म्हणाला. "उचलू?"

"उचल."

अर्धी काच घेऊन तो पायरी चढला.