नववी 'अ'ची पेटी

निकाल फळ्यावर लागला तेव्हा अनुजाने आकडे तीनदा वाचले. गडहिंग्लजच्या त्या हायस्कूलमध्ये यंदा शाळेचा मुख्यमंत्री म्हणून दहावीतला सम्राट निवडून आला होता. ती पंचवीस मतांनी पडली होती.

पडल्याचं एवढं काही नव्हतं. खटकलं ते दुसरंच. सम्राटचे वडील हंबीरराव संस्थेचे संचालक. मतमोजणी झाली ती स्टाफरूममध्ये, दार लावून. आणि तिच्या नववी 'अ'मधल्या चव्वेचाळीसपैकी चाळीस जणांनी तिला तोंडावर शब्द दिला होता. मग मतं गेली कुठं?

"कायतरी गोलमाल हाय," शेजारी बसणारी अवनी म्हणाली. "आपल्या वर्गानं तुलाच दिलंय की."

मोजायला नागरिकशास्त्राच्या सरोजिनी मॅडम होत्या. दोन दिवस अनुजाने त्यांच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने फेरमोजणीचा अर्ज दिला.

मुख्याध्यापकांनी तो बाजूला सारला. "शाळेची निवडणूक हाय ही. आमदारकीची न्हवं."

"अर्ज करायला मीच शिकवलंय सर," मॅडम म्हणाल्या. "आता मोजायलाच पाहिजे."

शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर एकेका वर्गाची पेटी उघडली. अनुजा मॅडमच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. फुली कुणाच्या नावासमोर आहे ते मॅडम वाचायच्या, मग अनुजा चिठ्ठी उलटून मागची मतदान घेणाऱ्या शिक्षकांची सही बघायची. नववी 'अ'ची पेटी शेवटी आली. खाडाखोड कुठंच नव्हती, सह्याही खऱ्या होत्या. चव्वेचाळीस चिठ्ठ्यांत तिचं नाव अठरा वेळा आलं.

समोर तिचा वर्ग मान खाली घालून बसला होता.

"मॅडम, मला वाटलं तुम्ही..."

"वाटलं ते विचारलंस, बरं केलंस." मॅडमनी चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या. "आता कुणी दिलं, कुणी नाही, हे मात्र शोधत बसू नकोस. ते ज्याचं त्याच्यापाशी."

मधल्या सुट्टीत अवनीने डबा पुढे केला. "माझं मत तुलाच होतं बघ. शपथ."

"मी कुठं विचारलं?" अनुजा म्हणाली. तिने चपातीचा तुकडा मोडला आणि चावता चावता पुढच्या बाकांवरच्या पाठी एकेक करून न्याहाळल्या. मग अवनीकडे पाहिलं. अवनी डब्याचं झाकण लावत होती, खूप वेळ.