काहिलीत सोडलेली रताळी

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. कोडोलीजवळच्या एका गुऱ्हाळात चुलवाणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, बसलेली असते. ज्यांनी मला पाहिलं नाही, त्यांनी घरातली कढई आठवावी आणि तिच्यात एक बैल आरामात बसेल एवढी ती मोठी करावी. माझ्यात उसाचा रस उकळतो आणि त्याचा गूळ होतो.

पेठ वडगावच्या एका शेडमध्ये लोखंडी पत्रे वाकवून मला बनवलं. तेव्हा मला फार ठोकलं. एवढं ठोकतात म्हणजे माझं काहीतरी चुकलं असेल, असं मला वाटत होतं.

हंगामभर मी उताणी. त्यामुळे मला वरचंच जग दिसतं. छपराचे पत्रे, वाफ आणि वाकून बघणारी तोंडं. कोण कुठून आलं आणि कुठे गेलं, ते नीट दिसत नाही. म्हणून मला प्रश्न फार पडतात. कालच्यापेक्षा आजचा रस गोड का? नुसत्या फेसाकडे बघून गूळ झाला हे गुळव्याला कसं कळतं? आमचा गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा ज्ञानू. तो कधी सांगत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न मुलांचा होता. आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेल्या पोराला रिकाम्या हाती परत पाठवत नाहीत. कुणी रस पितं, कुणी काकवी चाटतं. काही जण घरून रताळी आणतात. सुतळीला बांधून ती उकळत्या रसात सोडायची, शिजली की वर ओढायची. माझा काठ तुमच्या गुडघ्याएवढा. गूळ झाला की गड्यांना मला उचलून ओतावं लागतं, म्हणून तो उंच करत नाहीत. मग इतक्या वर्षांत एकही मूल माझ्यात कसं पडलं नाही?

ज्ञानू पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचा, "पावणं, आमच्यात एका पोराला चटका न्हाय बसला कवा. देव राखतोय!"

देव कुठून राखतो, हे बघायला मी छपराकडे पाहायची. तिथे पाकोळ्या असायच्या.

गेल्या पावसाळ्यात आक्काताई गेल्या. त्या मालक आबांच्या पत्नी. पावसाळाभर मला पालथी घालून ठेवतात, म्हणून मला ते दिवाळीनंतर, चूल पेटल्यावर, गड्यांच्या बोलण्यातून कळलं.

हंगाम सुरू झाला. रस तोच, जाळ तोच, तरी काहीतरी बदललं होतं. पूर्वी मला मुलांची नुसती कपाळं दिसायची, तीही लांबून. आता हनुवट्या दिसू लागल्या, फ्रॉकची बटणं दिसू लागली. मुलं इतकी जवळ कशी आली, हे मला कळेना.

एका दुपारी आबांची नात अवनी रताळं घेऊन आली. सुतळी तिच्या हातातून सुटली.

"आबा, माझं रताळं बुडलं!"

रस काढायच्या घाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. आबा फोनवर बोलत होते. ज्ञानू पलीकडे रसावरची मळी काढत होता. अवनी एका विटेवर चढली आणि वाकली. तिची वेणी माझ्या वाफेत लोंबत होती. उसाची चिपाडं वाळवणारी क्रांती भारा घेऊन आत येत होती. तिनं भारा टाकला आणि फ्रॉकला धरून अवनीला मागे ओढलं. दोघी चिपाडावर पडल्या. अवनीची एक चप्पल माझ्यात पडली. ती कशी आकसत गेली, ते मी पाहिलं. त्यावेळी मला एकही प्रश्न पडला नाही.

घाणा बंद झाला.

"ज्ञानूदादा, डोळं कुठं हायती तुमचं?" क्रांती ओरडली.

"माझं डोळं फेसावर! रसाचं आधण करपलं तर शिव्या मलाच की. आन् पोरं काय आजच आल्यात व्हय? कवा काय झालंय?"

"आक्काताई हुत्या तवर न्हाय झालं!"

आबांनी अवनीला कडेवर घेतलं होतं. ते म्हणाले, "ती काय करायची? ती नुसती बसून असायची की तितं. मीच म्हणायचो, घरात जाऊन पड जरा, पाय दुखत्यात तुझं."

"नुसती? अवो आबा, समद्या पोरांच्या सुतळ्या त्यांच्या हातात असायच्या. पोरं त्या खांबापलीकडं. रताळं शिजलं की नाव घिऊन हाक मारायच्या. काहील उतरायच्या आधी समदी पोरं भाईर. पाणी प्यायलासुदीक उठायच्या न्हाईत मधनं."

तेव्हा मला उत्तर मिळालं. माझ्या काठावर कायम एक हात असायचा, हिरव्या बांगड्यांचा. तो हात मी रोज पाहिला होता आणि देव छपरात शोधला होता.

आबांनी अवनीला खांबापलीकडे नेऊन उभं केलं. मग म्हणाले, "उद्यापासनं पोरं बंद."

"बंद केली की मागनं चिपाडातनं घुसत्यात, आबा," ज्ञानू हळू आवाजात म्हणाला. "मी बी घुसायचो."

मग मुलांच्या बाजूला कमरेएवढी भिंत घातली. तरी सुतळ्या धरायला माणूस हवाच होता.

"मी बसतो," आबा म्हणाले.

"मालक हाईसा तुमी! रताळी धरून बसला तर गाव हसंल की," ज्ञानू म्हणाला.

"हसू दे."

आता आबा बसतात. त्यांच्या सुतळ्या गुंततात. अवनी भिंतीपलीकडून दटावते, "आबा, आज्जी अशी गाठ न्हवती मारत!"

"मग कशी मारायची? दाव की." आबा खरंच विचारतात आणि ती दाखवते तशी पुन्हा गाठ मारतात. परवा गुळाचे व्यापारी आले. ज्ञानूनं हाक मारली. आबा म्हणाले, "चा दे त्यास्नी. पोरं भाईर गेल्याबिगर मी उठत न्हाय."

मित्रांनो, गुऱ्हाळावर जरूर या. तुम्ही आलात की मला बरं वाटतं. पण सुतळी मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि भिंतीपलीकडे थांबा. भिंत नसेल तर दारातच उभे राहा. आत येण्याआधी एक विचारा, "आज कोण बसलंय?" उत्तरात एका माणसाचं नाव आलं पाहिजे. "आमी समदी हाय की" असं कुणी म्हणालं, तर रताळं तसंच घरी न्या आणि आईकडून उकडून घ्या.