रावसाहेबांची कानटोपी

मी एक जुनी कानटोपी आहे. मित्रांनो, हसू नका. तपकिरी लोकरीची, गळ्याखाली बांधायला दोन बंद असलेली आणि एका कानावर विरलेली. मला या घरातल्या आत्याने विणलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. आधी मोठा मुलगा, दादा, मला घालून रांगला आणि मग त्याची बहीण. तिला सगळे बारकी म्हणतात. "किती उबदार आहे गं ही!" असं जो तो म्हणायचा. मी तर पहिल्यापासून लोकांच्या डोक्यावर बसलेली, कौतुकाने हुरळले नसते तरच नवल. पुढे पोरांची डोकी मोठी झाली आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात किती हिवाळे काढले, देव जाणे.

मग घरात रावसाहेब आले.

रावसाहेब म्हणजे तळहाताएवढं कासव. मुलांचे बाबा वायरमन. त्यांनी ज्यांच्या घरी वायरिंग केलं होतं ते कुटुंब दूर गावी निघालं आणि जाताना कासव, त्याची काचेची पेटी आणि पेटीवरचा तापणारा दिवा बाबांच्या हवाली करून गेलं. काकडीची एक चकती संपवायला कासवाला अख्खी सकाळ लागायची, म्हणून मुलांनी नाव ठेवलं रावसाहेब. पोरं साधी पाल दिसली तरी किंचाळतात, आता घरबसल्या सरपटणाऱ्या जीवांबद्दल शिकतील, असं बाबांना वाटलं. जेवणं झाली की ते दोघांना पेटीपुढे बसवायचे. खवले कसे असतात, अंडी कुठे घालतात, पाठीवरचं कवच म्हणजे त्याचं हाडच कसं, हे सगळं रंगवून सांगायचे. बारकीला मात्र हात लावायची भीती वाटे. तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? तुझ्यासारखाच आहे तो. त्यालाही भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते."

झालं! बारकीची भीती पळाली. त्या दिवसापासून तिने रावसाहेबांना असा जीव लावला की विचारू नका.

थंडी पडली तेव्हा बाबा एका नव्या इमारतीच्या कामासाठी परगावी गेले होते. बारकीने ट्रंक उघडून मला बाहेर काढलं, रावसाहेबांना माझ्यात घातलं आणि बंद बांधले. झोपताना डोळ्यांवर उजेड नको, म्हणून दिवाही बंद केला. आईचा ऊर भरून आला. "बघा तरी, किती मायाळू पोर माझी!" म्हणत तिने शेजारच्या काकूंना बोलावलं. "आता मफलर तेवढा राहिला हो," काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही खूश होते. इतक्या वर्षांनी हाताला काम मिळालं होतं.

पण थोड्याच वेळात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. बाळाच्या डोक्यावर बसले की तिथून ऊब यायची आणि ती मी धरून ठेवायची. इथे मी वाट पाहत राहिले. पाठ थंड ती थंडच. तेव्हा मला कळलं की ऊब माझी कधीच नव्हती, मी फक्त दुसऱ्याची सांभाळत होते. कासवाचं अंग आपलं आपण तापत नाही. त्याला ऊब उन्हातून घ्यावी लागते, नाहीतर दिव्यातून. आणि दिवा होता बंद, उन्हाच्या आड होते मी. हे ओरडून सांगावंसं वाटलं, पण टोपीला तोंड कुठलं?

रावसाहेबांनी काकडी सोडली. बारकी मला दिवसाही काढेनाशी झाली.

"दादा, अजून गारच लागतोय रे हा."

"मग वरून माझा मोजा घाल."

मोजाही चढला. जितकी माया वाढली तितके रावसाहेब गार पडत गेले.

बाबा परतले तेव्हा रावसाहेबांच्या नाकाशी बुडबुडे येत होते. बाबांनी मला ओरबाडून काढलं आणि त्यांना छातीशी धरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाईंनी इंजेक्शन दिलं, पण म्हणाल्या, "छातीत भरलंय. फार उशीर झाला." दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी दिव्याखालीच प्राण सोडला.

बारकी रडली नाही. "मी तर त्याला गरम ठेवत होते ना?" एवढंच ती विचारत राहिली. मला इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी अंगणातला एक गोटा आणला आणि माझ्यात गुंडाळून ठेवला. सकाळी बारकीला त्याला हात लावायला सांगितलं.

"गार आहे," ती म्हणाली.

मग त्यांनी मला तिच्या डोक्यावर ठेवलं. मी जेमतेम टाळूवर बसले. "आणि आता?"

"गरम."

"ही ऊब तुझी आहे, बाळा. टोपीची नाही. रावसाहेबांच्या अंगात ती तयार होत नव्हती. तुझं काही चुकलं नाही, मीच अर्धं शिकवलं."

बारकीने तो गोटा दोन्ही मुठींत धरला. बराच वेळ धरून ठेवला. तो कोमट झाला, आणि मग ती हमसून हमसून रडली. "हे मला आधी का नाही सांगितलंस, बाबा?"



मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा मुका जीव येईल. त्याला माया जरूर लावा. पण त्याआधी तो कसा जगतो ते नीट विचारा, आणि सांगणारा अर्ध्यावर थांबला तर त्याला उठू देऊ नका. तुमचं चुकलं तर तो जीव रडणार नाही की तक्रार करणार नाही. तो नुसता गार पडत जाईल.