मधला दांडा

पिन्हासने पावाची जुनी गाडी विकत घेऊन तिच्यात बिछाने, पंखा आणि छोटा फ्रिज बसवला, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. इस्राएलातल्या अश्दोदच्या बंदरात जन्मभर वायरिंग केलेलं, आता घरचीच गाडी मिळाली. तिच्यात त्याने वीज दोन वाटांनी घेतली: एक मुक्कामाच्या जागेवरल्या विजेच्या खांबावरून केबलने, दुसरी बॅटरीवरच्या इन्व्हर्टरमधून. दोन्ही एकदम लागल्या तर इन्व्हर्टर जळायचा, म्हणून एक दांडा. डावीकडे खांब, उजवीकडे इन्व्हर्टर, मध्ये सगळं बंद. "मध्ये घटकाभर थांबायचं, मगच पुढे," हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवायचा. बायको मेबल म्हणायची, "दांडापुराण संपलं असेल तर जेवून घ्या."

त्या शुक्रवारी गाडी एलातच्या समुद्राकाठी लागली, ती काही हवा खायला नव्हे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, ओराचं, तिथल्या एलीशी जमलं होतं, पण एलीचा बाप शाऊल अडून बसला होता. हा हॉटेलच्या स्वयंपाकघरात कोशेरची, म्हणजे अन्न धर्माच्या नेमाप्रमाणे होतंय ना याची, देखरेख करणारा. त्याला शंका, की हे भारतातून आलेले लोक खरे ज्यू का? शनवारी तो स्वतः येऊन, बघून, जेवून मग काय ते सांगणार होता.

पिन्हासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, कोकणात आमचे आजे शनवारी घाणा बंद ठेवत, म्हणून सारा गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा! तिथे शनवार पाळतो म्हणून वेगळे, आणि इथे पाळतो की नाही याची चौकशी! आता खरं सांगायचं तर अश्दोदला हाच पिन्हास दर शनवारी बिनदिक्कत टीव्ही लावायचा. पण लेकीचं लग्न म्हणजे काय थट्टा आहे?

सूर्य टेकायच्या बेताला आला. वाटभर इन्व्हर्टरवर चाललेला फ्रिज आता खांबावर घ्यायचा म्हणून पिन्हासने दांडा मध्ये आणला, नेमाप्रमाणे थांबला, आणि नेमकी तेव्हाच मेबलने शाब्बाथची बत्ती लावून डोळ्यांवर हात घेतले. झालं! शाब्बाथ लागला. आता शनवारचा सूर्य बुडेपर्यंत विजेच्या कुठल्याही बटणाला, दांड्याला हात लावायचा नाही.

"अगं, जरा थांबायचं होतंस!"

"तुम्ही कशाला थांबलात मध्ये?" मेबल म्हणाली. "आता हात लावलात तर बघा. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे."

"अब्बा, दाय," ओराने हिब्रूत दोघांचं भांडण मिटवलं. पुरे म्हणजे पुरे.

शनवारी दुपारपर्यंत गाडीची भट्टी झाली. फ्रिजमधली नारळाच्या रसातली मच्छीची आमटी नासली. मेबलला रडू फुटलं, तिने ती तशीच झाकून ठेवली आणि पाव, काकडी, उकडलेली अंडी मांडली. पिन्हास दांड्याकडे बघत बसला. वीतभर अंतर! पण हात मांडीखाली दाबून धरले होते.

शाऊल भर उन्हातून चालत आला, घामाने निथळत. एली त्याच्या मागे. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "पंखा?"

पिन्हासने सगळं सांगितलं, दांड्यासकट. शाऊल ऐकतच राहिला. "म्हणजे कालपासून तुम्ही असेच बसलात? जेवण नासलं तरी?" त्याने पिन्हासचा हात हातात घेतला. "असा शाब्बाथ आमच्या घरीसुद्धा नाही हो. लग्न पक्कं!"

मेबलने पदराने डोळे टिपले. ओरा एलीकडे बघून हसली. शाऊलची अर्धी काकडी खाऊन झाली, रुमाल पिळून झाला. शेवटी त्याने बाहेर कुणी नाही ना बघितलं, खिडकीचा पडदा ओढला, आणि कोपराने दांडा डावीकडे ढकलला. फ्रिज गुरगुरला, पंखा फिरला.

"उकाडा म्हणजे एक आजारच, आणि आजाऱ्याला शाब्बाथ मोडायची मुभा असते," तो पंख्याखाली मान देत पुटपुटला. "आपल्यातच ठेवा."

पिन्हासला हसू आलं आणि राग तर त्याहून जास्त आला. त्याने शाऊलला अंड्याची बशी पुढे केली आणि अगदी आदराने विचारलं,

"मग लग्न पक्कं. पण राग मानू नका, आमची एकच मुलगी आहे. तुम्ही लोक खरे ज्यू आहात ना?"