एर्मान्सच्या टेबलावरची बाटली

तेओफिल काय पितो आणि किती पितो, हे एर्मान्सला कळायला हवं होतं. त्याशिवाय ती त्याला होकार देणार नव्हती.

तेओफिल गावाहून राजधानीला जाणारी गाडी चालवायचा. पन्नाशी उलटलेला, विधुर, कमी बोलणारा. बाजाराच्या दिवशी एर्मान्सची मसाल्याची टोपली स्वतः उचलून आत ठेवायचा आणि दुसऱ्या कुणाची उचलायचा नाही, त्यामुळे सगळ्या गावाला सगळं कळलेलंच होतं. मागच्या आठवड्यात त्याने गाडी बाजूला लावली, खाली उतरून टोपी हातात घेतली आणि तिला सरळ लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "रविवारी जेवायला या, मग सांगते." आत बसलेल्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या. एर्मान्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचा नवरा लेओंस रमपायी गेला होता. माणूस वाईट नव्हता, हात उचलणारा तर मुळीच नव्हता. संध्याकाळी ओसरीवर मित्रांचा अड्डा जमायचा, एर्मान्स आत भजी तळायची, आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर संपलं. म्हणून आता तिला आधी बघायचं होतं.

बघणं सोपं होतं. आमच्या मार्टिनिक बेटावर पाहुण्याचा पेला कुणी भरून देत नाही. पांढऱ्या रमची बाटली, लिंबाच्या चकत्या आणि काकवी समोर ठेवायची, ज्याचा त्याने आपल्या पेल्यात कालवून पंच करून घ्यायचा. ओतता हात कुठे थांबतो, ते सगळं घर बघतं आणि कुणी बघितल्यासारखं दाखवत नाही.

"वहिनी, पण तो पीतच नसला तर?" नणंद ओदिल म्हणाली. ओदिल लेओंसची धाकटी बहीण, शेजारीच राहायची. हे लग्न व्हावं म्हणून एर्मान्सपेक्षा तिचाच जीव वरखाली होत होता. "दर शनिवारी तो अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या चर्चपाशी दिसतो. ती माणसं थेंबाला शिवत नाहीत. डुकराचं चालत नाही, खेकडा चालत नाही. त्याच्यापुढे रम ठेवलीस तर उठून जाईल!"

"आणि नाही ठेवली तर?"

"तर म्हणेल, मला दारुडा समजतात."

"मग करू काय मी?"

"सगळंच ठेव. बघू हात कशाकडे जातो."

एर्मान्सने खरंच सगळं ठेवलं. लाल अंबाडीचं सरबत केलं, ते खरं तर नाताळात करायचं. पॅशन फ्रूटचा रस गाळला. शहाळी आणली, बियर गार केली. मधोमध रमची कोरी करकरीत, सीलबंद बाटली. अर्धवट बाटली ठेवली असती तर किती कमी झाली ते नीट कळलं नसतं. टेबलाकडे बघून ओदिल म्हणाली, "दुकान थाटलंस की गं!"

रविवारी दुपारी तेओफिल आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात एक मोठा नीरफणस. ओदिलने त्याला ओसरीवर बसवलं, स्वतः एक बियर उघडली. एर्मान्स स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीच्या फळ्यांमधून बघू लागली. कढईत खाऱ्या माशाची भजी, डोळा मात्र बाहेर.

तेओफिलने टेबलाकडे बघितलं. सरबतावरून नजर फिरली, रसावरून फिरली, बाटलीवर येऊन थांबली. त्याने हात मांडीवर ठेवले आणि तसाच बसून राहिला.

"घ्या ना," ओदिल म्हणाली.

"घेतो, घेतो."

पण घेतलं काहीच नाही. पावसाचं बोलला, रस्त्याचं बोलला, तिसऱ्या वळणावरच्या खड्ड्याला मनापासून शिव्या घातल्या. भजी आली. ती त्याने खाल्ली, छान झाली म्हणाला. घसा कोरडा पडल्याचं दिसत होतं. तरी हात मांडीवरच.

ओदिल आत आली. "बघ, मी म्हणत होते! अ‍ॅडव्हेंटिस्टच आहे."

"मग सरबत का घेत नाही? सरबताने कुठला धर्म बुडतो?"

"पोट बिघडलं असेल."

"भजी तर बशीभर संपवली!"

एर्मान्सला आता कुतूहलाने राहवेना. आजवर तिने किती माणसं या ओसरीवर पिताना बघितली होती. हावरी, लाजरी, घरी बायकोला कळू नये म्हणून लिंबू चघळणारी. पण सगळं समोर असताना तहानलेला बसणारा माणूस तिने बघितला नव्हता. जरा रागही आला. एवढा घाट घातला तो काय बघायला? भज्यांचा दुसरा घाणा तेलात सोडून, हात पुसत ती बाहेर आली.

"तेओफिल, माझ्या घरातलं काही चालत नाही का तुम्हाला?"

तो गडबडून उभाच राहिला. "चालतं की! सगळं चालतं."

"शनिवारी चर्चला जाता म्हणे."

"बहिणीला सोडायला जातो. ती अ‍ॅडव्हेंटिस्ट. मी गाडीत झोपतो."

"मग घेत का नाही?"

त्याने बाटलीकडे बोट केलं. "उघडली नाहीये अजून."

"तुम्हाला दिलीय ना? उघडा."

"असं कसं? कोरी बाटली घरच्याने उघडायची. पहिला पेला तो घेतो, मग पाहुण्याने हात लावायचा. आणि रम समोर असताना सरबत घेतलं तर तुम्हाला वाटेल, मी न पिण्याचं सोंग करतोय."

एर्मान्स ओदिलकडे बघू लागली. ओदिलने मान हलवली, तिला ठाऊक नव्हतं. या घरातली प्रत्येक बाटली लेओंसने उघडली होती. उघडताना दोघींपैकी कुणी ओसरीवर असेल तर शपथ.

"घरचा आता नाही," एर्मान्स म्हणाली. "सहा वर्षं झाली."

"घरची आहे ना," तेओफिल म्हणाला.

त्याने शेजारची खुर्ची जराशी मागे सरकवली.

एर्मान्स बसली. आपल्याच ओसरीवर, पाहुणा समोर असताना बसायची ही तिची पहिलीच वेळ, आणि हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मग तिने सील फोडलं. चकती पिळली, चमच्याने काकवी घातली, रम ओतली. आता तेओफिल आणि ओदिल तिच्या हाताकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. तिने घोट घेतला.

चांगली होती. एर्मान्सला भयंकर राग आला. ज्या वस्तूचा तिने एवढी वर्षं दुस्वास केला ती कडू, घाणेरडी निघायला हवी होती, आणि ती तर ताज्या उसासारखी लागत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लेओंस इथेच बसायचा," ती म्हणाली. "रोज. पण एकदाही म्हणाला नाही हो, ये, बस जरा."

ओदिलने बियर खाली ठेवली.

तेओफिलने आपला पेला ओढला आणि रम ओतली. फार नाही, अगदीच थोडीही नाही. एर्मान्सने आता उघड उघड बघितलं आणि उघडच विचारलं, "किती पिता तुम्ही?"

"जेवणाआधी एक."

"खरं सांगा."

त्याने पेला खाली ठेवला. "बरोबर कुणी असलं तर एक. बायको गेली तेव्हा वर्षभर एकटाच बसायचो. तेव्हा मोजत नव्हतो. गाडी हातची जायची वेळ आली होती. तुम्हाला खोटं नाही सांगणार, एकटा राहिलो तर पुन्हा काय होईल ते मलाही माहीत नाही."

हे उत्तर एर्मान्सला नको होतं. तिला होय किंवा नाही असं काहीतरी हवं होतं, खिडकीच्या फळ्यांमधून दिसेल असं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मान खाली घालून बसला होता, पेला अजून ओठाला लावला नव्हता.

"मग एकटं बसायचं नाही," ती म्हणाली.

तेओफिलने मान वर केली. आपण बरोबर ऐकलं की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

"वहिनी!" ओदिल ओरडली. "अगं, तळण जळतंय!"

"मग जा ना, काढ," एर्मान्स म्हणाली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "मी बसलेय इथे."